ऑनलाइन अभ्यासक्रमाची सुरुवात : मार्गदर्शकाची उपस्थिती आणि प्रशिक्षणार्थींचा गट

कीड व्यवस्थापनाचा ऑनलाइन अभ्यासक्रम आखताना आपली बहुतेक शक्ती चित्रफिती, सादरीकरणे आणि प्रश्नसंच तयार करण्यात खर्च होते. नोंदणी भरपूर होते, उद्घाटनाच्या थेट सत्राला उपस्थितीही समाधानकारक असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मात्र चित्रफिती पाहणाऱ्यांची संख्या घटत जाते आणि शेवटी प्रमाणपत्रासाठी चाचणी देणारे मूठभर उरतात. हा अनुभव केवळ आपला नाही. जगभरातील मोठ्या मुक्त ऑनलाइन अभ्यासक्रमांत तो शेवटपर्यंत पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण साधारणतः कमीच राहत आले आहे. त्याचा दोष प्रशिक्षणार्थींच्या अनास्थेवर टाकणे सोयीचे असते. परंतु पुष्कळदा कारण अभ्यासक्रमाच्या पहिल्या दहा-बारा दिवसांतच सापडते. पलीकडे कोणी मार्गदर्शक खरोखर आहे आणि आपल्याबरोबर आणखी काही माणसे शिकत आहेत, याची खात्री त्या दिवसांत पटली नाही, तर उत्तम चित्रफीतसुद्धा न उघडलेलीच राहते.

इतर विषयांपेक्षा कीटकशास्त्रात याचे मोल अधिक आहे. अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण घ्यावे. स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा ही कीड भारतात मे २०१८ मध्ये कर्नाटकात, शिवमोगा परिसरातील मक्यावर प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. अळीच्या एकूण सहा अवस्था असतात. पहिल्या दोन अवस्थांत ती पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि पानावर पांढरट, कागदासारखे चट्टे दिसतात. पुढे ती पोंग्यात शिरते, विष्ठेने पोंग्याचे तोंड बंद होते आणि मग वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. चट्टे दिसणे आणि पोंगा बुजणे यांत अवघ्या आठ-दहा दिवसांचे अंतर असते. या दिवसांत कृषी सहायकाने एखादे छायाचित्र पाठवून ‘ही कोणती अळी?’ असे विचारले आणि पलीकडून उत्तर आले नाही, तर तो आणखी एकदा विचारत बसत नाही; गावातील कृषी सेवा केंद्राच्या सल्ल्याने फवारणी होऊन जाते. मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीची किंमत अशी शेतकऱ्याच्या खिशातून वसूल होते.

१९५६ चा पुणे प्रयोग

दूरस्थ शिक्षणातील गटाचे महत्त्व समजून घेण्यासाठी परदेशी उदाहरणांकडे आधी वळण्याची गरज नाही. या विषयातील अत्यंत बोलका पुरावा मराठी मुलखातच, सुमारे सत्तर वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

१९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत साधारण वीस-वीस जणांची श्रोता मंडळे स्थापन झाली. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. मंडळाचे सदस्य एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, संपल्यावर त्यावर चर्चा करीत आणि अनुत्तरित प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. कॅनडात १९४१ पासून चाललेल्या शेतकरी रेडिओ मंडळांचा नमुना यामागे होता. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्याचे सूत्र होते.

प्रयोगाचे मूल्यमापन टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे होते आणि पॉल न्यूरथ यांनी ते केले. त्यांच्या पाहणीची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्यांनी मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी केली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि रेडिओही नाही अशी गावे. मंडळे असलेल्या गावांत प्रसारणांपूर्वी आणि प्रसारणांनंतर तपासलेल्या ज्ञानात ठळक वाढ दिसली. मंडळ नसलेल्या गावांत ती नगण्य होती. नुसता रेडिओ असलेली गावे या दुसऱ्या बाजूलाच राहिली. म्हणजे तोच आवाज, तीच माहिती आणि तीच वेळ असूनही परिणामात एवढा फरक पडला. अनेक मंडळे पुढे गावाच्या प्रश्नांवर निर्णय घेणारी व्यासपीठेही बनली. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली.

या प्रयोगातील दोन बाबी आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला जशाच्या तशा लागू पडतात. पहिली, गट वीस जणांचा होता, दोनशेंचा नव्हता. दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. प्रसारण करणारा तज्ज्ञ गावात कधीच येत नव्हता, तरीही मागील आठवड्यात गावाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो या आठवड्यात देत होता. गावाच्या दृष्टीने तो उपस्थित होता. मार्गदर्शकाची उपस्थिती म्हणजे पडद्यावर चेहरा दिसणे असा जो समज आहे, त्याला हे चोख उत्तर आहे. आपले म्हणणे पलीकडे पोहोचले आणि त्यामुळे तिकडचे बोलणे बदलले, हे प्रशिक्षणार्थीला दिसले की उपस्थिती सिद्ध होते.

थोडी संकल्पना

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातील अभ्यासकांनी २००० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी जी मांडणी केली, तिच्यात तीन प्रकारच्या उपस्थिती मानल्या आहेत : बौद्धिक, सामाजिक आणि अध्यापकीय. प्रशिक्षणार्थी विषयाशी किती झुंजतो, ही पहिली. तो इतरांसमोर खरा माणूस म्हणून किती मोकळा होतो, ही दुसरी. आणि अभ्यासक्रमाची रचना, चर्चेचे नियमन व थेट शिकवणे यांतून मार्गदर्शक किती जाणवतो, ही तिसरी. मांडणी उपयुक्त आहे, मात्र ती पाठ करून कोणाचा अभ्यासक्रम सुधारत नाही. आपल्याकडे शेतीशाळेत हे तिन्ही घटक एका झाडाखाली एकत्र येतात. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या समस्येतून सुरू झालेली शेतीशाळेची पद्धत साधारण पंचवीस शेतकऱ्यांच्या गटावर आणि संपूर्ण हंगामभराच्या नियमित भेटींवर उभी आहे. पाच-पाच जणांचे उपगट शेतात जाऊन निरीक्षण करतात, परिसंस्थेचे चित्र काढतात आणि सर्वांसमोर मांडतात. तज्ज्ञ बहुतांशी प्रश्न विचारतो. ऑनलाइन अभ्यासक्रमाचा आराखडा करताना विद्यापीठातील वर्गाऐवजी शेतीशाळा डोळ्यांसमोर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दूरस्थ अभ्यासक्रमात शिकवणाऱ्यासाठी ‘समंत्रक’ हा शब्द रूढ केला. तो मला या कामासाठी ‘व्याख्याता’ या शब्दापेक्षा कितीतरी नेमका वाटतो.

नोंदणी आणि पहिला दिवस यांच्या मधले दिवस

अभ्यासक्रम सुरू होण्याआधीचा आठवडा बहुधा वाया जातो. प्रशिक्षणार्थीला एक दुवा आणि एक वेळापत्रक मिळते, इतकेच. या आठवड्यात तीन कामे करावीत. मार्गदर्शकाने स्वतःच्या आवाजात दीड-दोन मिनिटांचा स्वागतसंदेश पाठवावा. त्यात पदव्यांची जंत्री नको, आपण सध्या कोणत्या पिकावर आणि कोणत्या किडीवर काम करीत आहोत ते सांगावे. दुसरे काम म्हणजे एक सराव-कृती : कोणत्याही झाडाच्या पानाचे जवळून काढलेले स्पष्ट छायाचित्र गटात पाठवणे. यातून कोणाचा मोबाइल चालतो, कोणाला छायाचित्र जोडता येते आणि कोणाच्या गावात नेटवर्क केवळ रात्री मिळते, हे सुरुवातीलाच कळते. ज्यांचे छायाचित्र येत नाही, त्यांना दूरध्वनी करणे हे तिसरे काम. वीस-पंचवीस जणांच्या गटात असे चार-पाच दूरध्वनी करावे लागतील. पुढे मोठ्या कष्टाने टिकवावी लागणारी माणसे या पाच मिनिटांत टिकतात. नोंदणी दोनशेंची असेल तर गट आठ-दहा करावेत आणि प्रत्येक गटाला एक सहायक मार्गदर्शक द्यावा. कृषी विज्ञान केंद्रातील पीक संरक्षणाचे विषय विशेषज्ञ किंवा आधीच्या तुकडीतील अनुभवी शेतकरी हे काम उत्तम करू शकतात.

मार्गदर्शक प्रशिक्षणार्थींपासून दूर असणे हा नेहमीच तोटा नसतो. म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर परिसरात मान्सूनपूर्व पावसावर मे महिन्यातच मक्याची पेरणी सुरू होते. महाराष्ट्रातील खरीप मका जून-जुलैत पेरला जातो. म्हणजे बेट्टदपुरच्या शेतात उभे राहून मार्गदर्शक आज जे चट्टे दाखवतो, ते महाराष्ट्रातील प्रशिक्षणार्थीच्या शेतात काही आठवड्यांनी दिसण्याची शक्यता असते. ‘हे पाहून ठेवा, तुमच्याकडे पीक वीस दिवसांचे झाले की पोंग्यात डोकावा,’ हे वाक्य स्टुडिओतील सादरीकरणापेक्षा खोल उतरते. चित्रफितीत मागे मल्लिकार्जुनाची टेकडी दिसली तरी चालेल, वाऱ्याचा आवाज आला तरी चालेल. मार्गदर्शक ठरावीक ठिकाणी, ठरावीक शेतात उभा आहे हे जाणवणे, हीदेखील उपस्थितीच आहे. मात्र चित्रफीत पाच-सहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नये.

पहिल्या आठवड्यातील ओळख

‘सर्वांनी आपले नाव, पद आणि जिल्हा लिहावा’ या सूचनेतून जी यादी तयार होते, तिच्यातून कोणाचीही ओळख होत नाही. उलट पदांची उतरंड तेवढी पक्की होते. त्याऐवजी प्रश्न विषयाचा असावा : या आठवड्यात तुमच्या शेतात किंवा कार्यक्षेत्रात कोणती कीड दिसली आणि तिला तुमच्या गावात काय म्हणतात?

या एका प्रश्नातून काय निघते, ते नोंदवण्यासारखे आहे. ‘लष्करी अळी’ म्हटले की जुन्या शेतकऱ्यांच्या मनात ज्वारीवर थव्याने येणारी मिथिम्ना ही अळी असते. २०१८ नंतर तेच नाव मक्यावरील नव्या अळीला चिकटले. ‘तंबाखूची पाने खाणारी अळी’ विदर्भ-मराठवाड्यातील प्रशिक्षणार्थीने बहुधा सोयाबीनवरच पाहिलेली असते. हुणसूर-पिरियापट्टणच्या तंबाखू पट्ट्यात ती नावाप्रमाणे तंबाखूवर भेटते. कन्नड शेतकरी ‘सैनिक हुळू’ म्हणतो, तेव्हा त्यालाही नेमकी कोणती अळी अभिप्रेत आहे, ते विचारावेच लागते. नावांचा हा गोंधळ दूर करण्यासाठी शास्त्रीय नावाची गरज का पडते, हे प्रशिक्षणार्थींना मग आपोआप उमगते. ओळखही होते आणि पहिला धडाही सुरू होतो.

त्यानंतरची पहिली कृती सोपी, परंतु शेतात नेणारी असावी. आपल्या भागातील मक्याच्या शेतात इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या आकारात चालत पाच ठिकाणी प्रत्येकी दहा झाडे पाहावीत, चट्टे किंवा ताजी विष्ठा असलेली झाडे मोजावीत आणि आकडा गटात टाकावा. अळी सापडल्यास डोक्याचे आणि शेपटीकडील भागाचे छायाचित्र घ्यावे. डोक्यावरील उलटा वाय आणि शेवटून दुसऱ्या वलयावरील चौकोनात मांडलेले चार ठिपके ही ओळखीची खूण. अगदी लहान अळीत ती स्पष्ट नसते. पाच जणांचे आकडे शेजारी-शेजारी आले की चर्चा सुरू करण्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही. एकाकडे पन्नासांत दोन झाडे आणि शेजारच्या तालुक्यात अकरा, असे का? पेरणीची तारीख, वाण, आधीचे पीक, पाऊस यांची चौकशी प्रशिक्षणार्थी स्वतःच करू लागतात. २००९-१० पासून महाराष्ट्रात चालत आलेल्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पामुळे अशा नोंदींची सवय अनेक क्षेत्रीय कर्मचाऱ्यांना आहेच. तेथे आकडा वर पाठवला जातो, येथे तो एकमेकांना दाखवायचा आहे.

उत्तर किती द्यावे, कधी द्यावे

मार्गदर्शकाने प्रत्येक प्रश्नाला तत्काळ उत्तर द्यावे, अशी अपेक्षा सर्वसाधारणपणे व्यक्त होते. ऑस्ट्रेलियातील मझोलिनी आणि मॅडिसन यांनी २००३ मध्ये खगोलशास्त्राच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतील चर्चांचा अभ्यास केला. वारंवार उत्तरे देणारा मार्गदर्शक विद्यार्थ्यांना अधिक उत्साही वाटला. मात्र जेथे मार्गदर्शक जास्त बोलला, तेथे विद्यार्थ्यांची चर्चा लांबली नाही, उलट ती आखूड राहिली. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी लक्षात ठेवावे लागतात. गप्प राहिल्यास प्रशिक्षणार्थी निघून जातो आणि फार बोलल्यास तो केवळ श्रोता होतो.

कीड ओळखीच्या कामात यावर व्यवहार्य तोडगा असा. प्रश्नांचे दोन वर्ग करावेत. ज्यावर आज-उद्या फवारणीचा निर्णय अवलंबून आहे, त्याचे उत्तर त्याच दिवशी मार्गदर्शकाने द्यावे. येथे शैक्षणिक संयमाला जागा नाही. इतर प्रश्नांना आधी पोचपावती द्यावी, एखादा उलट प्रश्न विचारावा आणि एक दिवस गटासाठी मोकळा सोडावा. कोणी पांढरट बुरशीने ताठ झालेल्या मेलेल्या अळीचे छायाचित्र टाकून ‘कोणते औषध लागू पडले?’ असे विचारले, तर मेटारायझियम रायली या बुरशीवर लगेच व्याख्यान देऊ नये. ‘या शेतात मागील पंधरा दिवसांत फवारणी झाली होती का? पाऊस किती दिवस होता? अशा आणखी किती अळ्या दिसतात?’ एवढे विचारावे. बहुतेक वेळा गटातीलच कोणी अनुभवी शेतकरी ओल्या हवेशी संबंध जोडतो. दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाने त्या शेतकऱ्याचे नाव घेऊन उत्तर पूर्ण करावे आणि अशा शेतात रासायनिक फवारणीची घाई का करू नये, ते सांगावे. पुढील थेट सत्राची सुरुवात याच छायाचित्राने करावी. पुणे केंद्राने १९५६ मध्ये जे केले, ते हेच होते.

उत्तरात ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ एवढेच लिहिणे टाळावे. ‘ठिपके चौकोनात नाहीत, दोन ओळींत आहेत, शेपटीकडचा भाग पुन्हा पाहा’ असे लिहिल्यास प्रशिक्षणार्थी पुन्हा शेतात जातो, आणि त्याचे उत्तर वाचणारे इतर वीस जणही.

गट कोठे अडतो

सर्वांत मोठा अडसर तांत्रिक नसून पदांचा असतो. गटात तालुका कृषी अधिकारी, पर्यवेक्षक आणि सहायक एकत्र असतील, तर सहायक प्रश्न विचारत नाही. आपले अज्ञान वरिष्ठांसमोर उघडे पडेल, ही भीती खरी आहे. शक्य असल्यास अधिकाऱ्यांचा गट वेगळा ठेवावा. शक्य नसल्यास पहिल्याच दिवशी एखाद्या वरिष्ठाला स्वतःच्या शंकेने सुरुवात करण्याची विनंती करावी. संबोधनाचाही परिणाम होतो. शेतकऱ्यांनी अधिकाऱ्यांना ‘साहेब’ म्हणावे आणि अधिकाऱ्यांनी त्यांना एकेरीत हाक मारावी, अशा गटात चर्चा होत नाही, केवळ आदेश निघतात. मार्गदर्शकाने सर्वांना एकाच आदराने, नावाला ‘राव’, ‘ताई’ किंवा ‘जी’ जोडून संबोधल्यास बाकीचे तेच वळण घेतात.

महिला शेतकऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. पुष्कळ घरांत मोबाइल एकच असतो आणि तो दिवसा घरातील पुरुषाकडे असतो. त्यांच्या अनुत्तरित संदेशाला अनास्था समजू नये; कृतीची मुदत एका दिवसाऐवजी चार दिवसांची ठेवावी आणि थेट सत्राचे ध्वनिमुद्रण लहान आकाराच्या फाइलमध्ये द्यावे. मराठी टंकलेखनाचा कंटाळा अनेकांना असतो, त्यामुळे उत्तर ध्वनिसंदेशाने देण्याची मुभा असावी. बोललेली नोंद ही लिहिलेल्या नोंदीइतकीच ग्राह्य धरली जाईल, हे स्पष्ट सांगावे.

गटाचे नियम थोडेच असावेत, पण ते पहिल्या दिवशी जाहीर व्हावेत. शुभेच्छाचित्रे नकोत, उत्पादनांच्या जाहिराती नकोत, आणि कीड ओळखल्याशिवाय कीटकनाशकाचे नाव कोणीही सुचवू नये. शेवटचा नियम काही निविष्ठा विक्रेत्यांना जाचक वाटतो. तरीही तो सोडू नये; किंबहुना विक्रेत्यांना गटात घेणे याच अटीवर उपयुक्त ठरते, कारण शेतकरी फवारणीपूर्वी त्यांच्याच दुकानात जातो.

दुसऱ्या आठवड्यात गळती सुरू होते ती बहुधा क्षेत्रीय कामांच्या दडपणामुळे. खरिपात पंचनामे, पीक विमा आणि अनुदानाच्या अर्जांची कामे एकाच वेळी येतात. अशा वेळी सर्वांना उद्देशून स्मरणसंदेश पाठवल्यास तो कोणालाच उद्देशून नसतो. प्रत्येक उपगटात दर आठवड्याला एकाकडे निमंत्रकाचे काम द्यावे, जसे ग्रामीण मंडळांत असे. ज्यांची नोंद आली नाही त्यांना त्याने दूरध्वनी करावा आणि गटाचा एकत्रित आकडा मांडावा. आळीपाळीने हे काम प्रत्येकाकडे येते, त्यामुळे दुसऱ्याच्या अनुपस्थितीचा त्रास काय असतो, हेही प्रत्येकाला कळते. सलग दोन आठवडे न दिसलेल्या प्रशिक्षणार्थीशी मात्र मार्गदर्शकाने स्वतः बोलावे, आणि ते बोलणे हजेरीविषयी नसावे. त्याने पहिल्या आठवड्यात कळवलेल्या शेतातील अळीचे पुढे काय झाले, हे विचारावे. त्यासाठी प्रत्येकाच्या पहिल्या नोंदीची एक ओळ मार्गदर्शकाच्या वहीत असायला हवी : नाव, गाव, पीक, पेरणीची तारीख, दिसलेली कीड. पंचवीस जणांच्या गटासाठी वहीचे एक पान पुरते.